पंधरा हात साखळी

रेवा, अर्णव,

गेल्या रविवारी तुम्ही मेलबर्नहून एक फोटो पाठवलात. लाकडी मूठ, टोकाला दातेरी चाक, मधोमध एक वाकडी सळई. खाली प्रश्न होता, ‘आजी, ओळख, हे कशासाठी वापरत असतील?’ मी एका मिनिटात उत्तर पाठवलं, ‘करंज्या कातायचं कातणं.’ तुम्ही टाळ्या वाजवणारी चार चित्रं पाठवलीत. नंतर मी चष्मा लावून फोटो पुन्हा नीट पाहिला. त्या सळईचं करंजीशी काय काम, हे मला सांगता येईना. मी मोबाइल टेबलावर उलटा ठेवला आणि बराच वेळ त्याला हात लावला नाही.

अशीच घाई मी पूर्वी एकदा केली होती. ती गोष्ट तुमच्या आजोबांनाही मी कधी सांगितली नाही. आता आजोबा नाहीत, ज्यांच्यासमोर ती घडली ते शिदूतात्याही नाहीत, आणि कुपवाडची त्यांची शेड या महिन्यात पाडली. सांगायची तर आताच सांगायला हवी.

तुमचे आजोबा कुपवाडच्या एका फौंड्रीत इंजिनिअर होते, आणि शिदूतात्या तिथेच भंगार निवडायचे. ट्रकमधून लोखंडाचा ढीग उतरायचा, त्यातून ओतीव बीड वेगळं, पोलाद वेगळं, तांबं-पितळ वेगळं करायचं. तांब्याचा एवढासा तुकडा भट्टीत गेला तरी ओतकाम बिघडतं, त्यामुळे हे काम नजरेचं होतं. तात्या जत तालुक्यातले, मेंढपाळांच्या घरातले. उंच, काटकुळे, डोक्याला कायम गुलाबी पटका. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते खंडेनवमीला. त्या दिवशी कारखान्यात यंत्रांची पूजा असते आणि घरच्यांनाही बोलावतात. सगळीकडे झेंडूच्या माळा लागल्या होत्या. मागच्या बाजूला तात्यांची पत्र्याची शेड होती. तिथे भिंतीला एक लांब फळी आणि फळीवर पंधरा-वीस विचित्र वस्तू मांडलेल्या. कशाला वाकडं नाक, कशाला तीन पाय, कशाला नुसतीच भोकं. तात्या एकेकीला हळद-कुंकू लावत होते. शेजारी निवडलेल्या लोखंडाचा डोंगर होता, त्याला मात्र त्यांनी नुसता हात जोडला.

मी विचारलं, “यांची एवढी पूजा कशाला?”

“ह्यांचं काम अजून कळल्यालं न्हाई, बाई,” ते म्हणाले. “काम कळल्याबिगर म्या भट्टीत टाकत न्हाई. बेवारस माणूस जाळताना पोलीसबी चार दिस थांबत्यात. कोण वळख द्याया येतंय का बघत्यात. मग वस्तूनं काय घोडं मारलंय?”

मी साताऱ्याच्या डोंगरावरच्या मिशनच्या शाळेत शिकलेली आणि पुढे सांगलीत तीस वर्षं मुलींना इंग्रजी शिकवलेली. माणसाच्या आणि वस्तूच्या मरणाची अशी सांगड मला तेव्हा गमतीची वाटली. आजोबा म्हणाले, “तात्या, हिला एखादी ओळखायला द्या की. फार हुशार आहे.” तात्या माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, “रविवारी या.”

दर रविवारी सकाळी शेडबाहेरच्या लिंबाखाली एका उलट्या पिंपावर ते फळीवरची एक वस्तू ठेवत. येणारे-जाणारे थांबत. दुचाकीवरून सुट्टीच्या पाळीला निघालेले कामगार, पंक्चर काढायला आलेले, दूध घालून परतणारे. सगळ्यांनी ओळखायचं. नियम एकच, आणि तात्या तो कुणासाठी मोडत नसत.

“त्वांडानं न्हाई. त्वांड जेवायला दिलंय. हातानं सांगा.”

म्हणजे वस्तू हातात घ्यायची आणि ती काय करत होती ते करून दाखवायचं. नाव ठाऊक नसलं तरी चालेल. तात्यांचं म्हणणं, वस्तूला नाव माणूस देतो, पण मूठ झिजते ती कामानं. खरा हात आला की तो झिजलेल्या जागी आपोआप जाऊन बसतो. तसा बसला नाही, तर उत्तर कितीही हुशारीचं असो, तात्या मान हलवायचे. “हात बसंना गड्या. फुडं चला.”

एका रविवारी त्यांनी पिंपावर लोखंडाचं एक वाकडं नख ठेवलं होतं. अंगठ्याएवढं, आतून पोकळ, कड धारदार. पोरांनी गोंधळ घातला. “वाघनख हाय तात्या! साताऱ्याला नेऊन द्या, काचंच्या पेटीत ठिवतील!” “आवं, एका बोटाचं वाघनख? अफजुल्ल्याला गुदगुल्या करायच्या हुत्या व्हय?” सगळे खो-खो हसले. तेवढ्यात सायकलला हवा भरायला थांबलेला एक म्हातारा पुढे आला. काही न बोलता त्याने ते नख उजव्या अंगठ्यात घातलं. मग डाव्या हाताने हवेतला एक वेल जवळ ओढला आणि अंगठा व बोट जवळ आणून काहीतरी टच्‌कन खुडलं. मग दुसरं. मग तिसरं. खुडलेलं सगळं तो डाव्या तळहातावर एकावर एक रचत होता. पानमळ्यात विड्याची पानं खुडणारा होता तो. तीस वर्षांपूर्वी मळा मोडला, असं म्हणाला.

तात्यांनी दोन्ही हातांनी नख उचललं. “काम कळलं. सुटलं बिचारं.” आणि ते निवडलेल्या ढिगात ठेवलं.

“आता ते वितळवणार तुम्ही?” मी न राहवून म्हटलं. “आता तर ते ठेवायला हवं!”

“कशाला, बाई? अडकून पडल्यालं ते. कुणी वळखावं म्हनून बसल्यालं. आता जाऊं दे की.”

मला ते पटलं नाही, पण मी दर रविवारी जाऊ लागले. आजोबा वर्तमानपत्र वाचत गाडीत बसायचे आणि मी लिंबाखाली. एक वही केली होती. डावीकडे वस्तूचं चित्र, उजवीकडे काम. तात्या मला आवडत गेले. ते वस्तू उन्हात धरून फिरवायचे, झिजेवर अंगठा ठेवायचे आणि म्हणायचे, “हा मानूस डावरा हुता.” किंवा, “ही बाई हुती. मूठ बारकी हाय, आन् लय राबलीय.” त्यांच्या वडिलांची लोकर कातरायची कातर दुष्काळात भंगारात गेली होती. घेणाऱ्याने तिला ‘मोडकी कात्री’ म्हटलं होतं. ते सांगताना त्यांचा आवाज पन्नास वर्षांनीही कडू व्हायचा. “मोडकी न्हवती. तिची ठेवनच तशी हुती. त्येला ठाव न्हवतं, म्हनून मोडकी.”

आता मूळ गोष्ट.

त्या वर्षी कृष्णेला मोठा पूर येऊन गेला होता आणि नदीकाठच्या घराघरांतून चिखलाने माखलेलं लोखंड बाहेर पडत होतं. त्यातच ते आलं. तळहातात मावेल एवढी लोखंडी वाटी, तिला बिजागरीचं झाकण, झाकणाला बारीक भोकं. तीन सळया वर एका कडीत अडकवलेल्या आणि कडीला लांबच लांब साखळी. तात्यांनी मोजली, पंधरा हात भरली. त्यातही एक गंमत होती. वाटीपासून बरोबर बाराव्या हाताला साखळीत तांब्याचं एक कडं घातलेलं होतं. बाकी सगळं लोखंड, तेवढंच तांबं.

ते तीन रविवार पिंपावर राहिलं. कुणी विहिरीत पडलेली बादली काढायचा गळ म्हणालं, कुणी कोंबड्यांना पाणी पाजायचं भांडं. हात कुणाचाच बसेना. तिसऱ्या रविवारी मला एकदम आठवण झाली. शाळेतलं चर्च, दगडी भिंती, आणि फादर हातातलं साखळीचं धूपपात्र झुलवत चाललेत, भोकांच्या झाकणातून धूर निघतोय.

“तात्या, मला कळलं!” मी जवळजवळ ओरडलेच. “चर्चमधलं धुपाटणं आहे हे. मी लहानपणी रोज पाहिलंय.”

सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. तात्यांनी साखळी उचलून माझ्यापुढे धरली. “दावा, बाई.”

आणि मला लाज वाटली. वीसेक पुरुष उभे होते, शेडच्या दारात आजोबांच्या हाताखालचे लोक होते. त्यांच्यासमोर मी फादरसारखी साखळी झुलवायची? मी हात मागे घेतले आणि हसून म्हटलं, “आता दाखवायचं काय त्यात? मी सांगतेय ना.”

तात्या घुटमळले. “पर हे तांब्याचं कडं?”

“शोभेला असेल.”

“आन् साखळी इतकी लांब?”

“छत उंच असतं हो चर्चचं.”

त्यांनी एकदा साखळीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी इतकी वर्षं शिकवलेली शिक्षिका, साहेबांची बायको. “बाई म्हनत्यात म्हंजी असंल,” ते म्हणाले. तो नियम मोडताना मी त्यांना पाहिलं ते तेवढं एकदाच. “देवाचं, आन् असं बेवारस पडल्यालं. मग तर लवकर सोडवाया पायजे.” गुरुवारच्या भट्टीत ते गेलं.

पुढच्या रविवारी साठीची एक बाई पुतण्याच्या मोटारसायकलवर मागे बसून आली. नऊवारी, कपाळावर गोंदण, नजर सरळ. नदीकाठच्या गावातली हळदवाली मंडळी. नाव पद्माक्का. पुराचा चिखल काढताना पुतण्याने खुंटीवरचं एक लोखंड भंगारवाल्याला देऊन टाकलं होतं. भंगारवाल्याने सांगितलं, न ओळखू येणारी वस्तू असेल तर कुपवाडला तात्यांच्या फळीवर बघा.

“वाटी हाय, झाकनाला भोकं हायत, लांब साखळी हाय,” ती म्हणाली.

फळी बघायला आम्ही सगळे तिच्यामागून शेडमध्ये आलो होतो. तात्यांनी पटका काढून हातात घेतला. “अक्का, ती वस्तू गेली. गुरवारी. पर… ती काय हुती?”

तुम्हाला पेव ठाऊक नसेल. आमच्याकडे हळद जमिनीत खोल खड्डा करून त्यात साठवायचे. वर माणूस उतरेल एवढंच तोंड, आत खोलीएवढी जागा. वर्षभर बंद राहिलेल्या पेवात वाईट हवा साचते. तिला वास नसतो, रंग नसतो. उतरलेला माणूस आवाज न करता बसतो आणि उठत नाही.

पद्माक्काला कुणी नियम सांगितला नव्हता. तरी ती उत्तर देण्याआधी उभी राहिली. शेडच्या मधोमध आली, जमिनीवर जणू पेवाचं तोंड आहे तशी त्याच्या काठाशी वाकली, आणि दोन्ही हातांनी नसलेली साखळी खाली सोडू लागली. हाताखाली हात, हाताखाली हात. ओठ मोजत होते. नजर खाली. आम्ही सगळे त्या सिमेंटच्या जमिनीकडे बघत होतो. बाराव्या हाताला ती थांबली. किती वेळ, कुणास ठाऊक. मग म्हणाली, “हां. दिसत्यात.”

“काय दिसत्यात, अक्का?” तात्यांनी हळूच विचारलं.

“ठिपकं. दिव्याचं. आत किडामुंगी जळू नये म्हनून आण्णांनी झाकन करून घेतल्यालं, त्येला भोकं. उजेडाचं ठिपकं भिताडावर पडायचं. ठिपकं दिसलं की मानसानं उतरायचं.”

आण्णा म्हणजे तिचे वडील. स्वतःच्या पेवात आधी स्वतः उतरणारे. पद्माक्का दहा वर्षांची असताना एकदा त्यांनी सकाळी पेव उघडलं आणि संध्याकाळी तिला हाक मारली, दिवा लावून आण. ती ओट्यावर गजगे खेळत होती. “एवढा डाव हू द्या, आण्णा.” जैनांचं घर, त्यांच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवण. आण्णांनी उन्हाकडे पाहिलं, जरा वाट पाहिली आणि म्हणाले, सकाळपासनं उघडंच हाय की. आणि उतरले.

“मी दिवा घिऊन गेले तवा काठावर कुनी न्हवतं,” ती म्हणाली. “हाक मारली. मग शिकीवल्याली तशी साखळी सोडली. बारा हात ठिपकं दिसलं. मग गेलं.”

तिच्या आईने त्या जागी तांब्याचं कडं घातलं. त्याच्याखाली ठिपके जळत राहिल्याशिवाय कुणी उतरायचं नाही. पुढे पन्नास वर्षं आपल्या आणि शेजाऱ्यांच्या पेवांत दिवा सोडायला पद्माक्काच जायची. “माझ्या दिव्यामागं उतरल्याला एकबी मानूस न्हाई गेला,” ती म्हणाली. त्या वर्षीच्या पुराने पेवं बुजली. दिवा खुंटीवर राहिला. एरवीही वर्षातून एकदा, आण्णा गेले त्या दिवशी, ती तो पुसून लावायची.

“भट्टीत का टाकला, तात्या? लोक म्हनत्यात तुमी वळखल्याबिगर टाकत न्हाई.”

“वळखलं हुतं. धुपाटनं म्हनून.”

“कोन म्हनलं?”

मी तिच्यापासून चार पावलांवर होते. तात्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“मीच,” ते म्हणाले. “लय शाना समजतो मी सोताला.”

मी तोंड उघडायला हवं होतं. इतकी वर्षं मुलींना ‘चूक केली तर उभं राहून सांगा’ म्हणून शिकवलेलं. मी उभीच होते. सांगितलं नाही.

तात्या कोपऱ्यात गेले आणि निवडलेल्या तांब्याच्या डब्यात हात घालून कडं घेऊन आले. लोखंडात तांबं चालत नाही, म्हणून भट्टीआधी ते कापून काढलेलं. पद्माक्काने ते ओळखलं, पदराच्या टोकाला बांधलं आणि जाताना दारात वळून विचारलं, “पेटला असंल का वो? जाताना?”

“पेटला, अक्का,” तात्या लगेच म्हणाले. “वाटीत तेलाची जुनी पुटं हुती, आधी तीच पेटली. झाकनातनं ठिपकं उठलं भिताडावर. म्या म्हनलं हे काय आन् आता?”

खरं होतं की नाही, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही.

त्यानंतर तात्यांनी फळीवरची एकही वस्तू भट्टीत टाकली नाही, ओळखलेलीही नाही. रविवार चालू राहिले, पण एक बदल झाला. पिंपावर वस्तू ठेवण्याआधी ते उभे राहायचे, वाकायचे आणि रिकाम्या हातांनी पंधरा हात साखळी खाली सोडायचे. बाराव्याला थांबायचे. नवीन माणसं हसायची, जुनी खाली बघायची. मला ते पाहवत नसे आणि न जाणंही जमत नसे. त्या प्रकाराबद्दल तात्या माझ्याशी एकदाच बोलले. मी दुसऱ्याच कसल्याशा पळीसारख्या वस्तूवर काहीतरी तोंडाने सांगू लागले, तेव्हा त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, “हात, बाई.” मी घेतली. दोन क्षणांत कळलं की माझं म्हणणं चूक होतं. त्या दिवशी साखळी हातात घेतली असती तरी कळलं असतं. पंधरा हात साखळी कुणाला झुलवता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी तात्या जतकडे आपल्या गावी वारले. त्यांच्या लेकाने निरोप दिला की फळीवरच्या वस्तू बाईंनी न्याव्यात, असं ते सांगून गेलेत. मी शेडवर गेले तर बातमी कळून पद्माक्का आधीच आलेली, पिंपाशेजारी बसलेली. आम्ही दोघीच होतो. मी तिच्याजवळ खाली बसले. मी म्हटलं, “अक्का, धुपाटणं तात्या म्हणाले नव्हते. मी म्हणाले होते.”

ती म्हणाली, “ठाव हाय.”

“त्यांनी सांगितलं?”

“ते कशाला सांगत्यात? त्या दिशी मी साखळी सोडली तवा समद्यांचं हात आपसूक हलत हुतं. बघून बघून. तुमचं पदराखाली हुतं.”

मी रडले. माफ केलं असं ती म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, “मीबी ‘एवढा डाव’ म्हनलंच हुतं की, बाई. उठा आता.” तिने मला शेडच्या मधोमध उभं केलं, वाकायला लावलं आणि माझे दोन्ही हात धरून साखळी सोडायला शिकवलं. हाताखाली हात. घाई करायची नाही, साखळी ताणलेली ठेवायची. बाराव्या हाताला तिने माझं मनगट दाबलं. “हितं थांबायचं. आन् बघायचं.”

मला ठिपके दिसले असं मी तुम्हाला लिहिणार नाही. पण मी खाली बघत राहिले आणि बराच वेळ हात वर घ्यायचा मला धीर झाला नाही.

तुमच्या फोटोतल्या वस्तूबद्दल: ते कातणं नसावं. ते कशाचं आहे मला माहीत नाही. ज्याच्याकडे असेल त्याला म्हणावं, हातात घेऊन बघ.

फौंड्रीची जागा विकली गेली. शेड नाही, लिंबही तोडला. पिंपाचं काय झालं ठाऊक नाही. फळीवरच्या अकरा वस्तू माझ्या पुस्तकांच्या कपाटात आहेत. त्यांतल्या सातांचं काम वहीत लिहिलेलं आहे, चारांचं अजून कळलेलं नाही. तांब्याचं कडं पद्माक्काच्या किल्ल्यांच्या जुडग्यात आहे.